अर्धं तोंड

चिखल्याच्या शामरावचं, जुन्या मित्राचं, पत्र दामोदर मास्तरांच्या खिशात वर्षभर होतं. ‘रागावलास काय? एकदा ये,’ एवढंच. उत्तराच्या कार्डावर पत्ता लिहून झाला होता, पुढचा मायना मात्र जमत नव्हता. भंडाऱ्याच्या दंतवैद्याकडे ते नंबराची वाट पाहत बसले होते. शेजारी दाढ बधिर करायचं इंजेक्शन टोचून बाहेर बसवलेले सुखराम आणि त्यांची बायको शकुन.

“शकुन, ओठ जागेवर आहे ना?”

“आहे जी. लोंबून राहिला.”

“जीभही अर्धीच लागते.”

“डॉक्टर म्हणे, जबड्याची नस झोपवली. जिभेची तिच्या शेजारीच, तेही झोपली. अन् चावून काय राहिले तुम्ही?”

“सुपारी.”

“सुपारी माझ्या बटव्यात आहे! गाल चावून राहिले, रक्त निघालं पाहा!”

“तरीच म्हटलं, नरम काहून लागते.”

“बोलू नका आता.”

“एकच. चा घेशीन?”

“काय?”

“चा. तू घेशीन काय?”

“घेईन ना! तीस वर्षांत पूर्ण तोंडानं नाही विचारलं कधी.”

मास्तरांनी कार्ड काढलं. मायना न घालताच लिहिलं, ‘रागावलो नाही. रविवारी येतो.’ तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला. दुखरी दाढ धरून ते उठले, आणि आत जाण्याआधी रस्ता ओलांडून टपालपेटीत कार्ड टाकून आले.