लाल फडक्याच्या चार खुंट्या

—नाही, नाहीच पटायचं तुला. मी सांगते त्यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मग म्हणेन मी, साहेब शिकेल शे, शिकलेला! शेळ्यांनी उपटल्या म्हणे तुझ्या संडासाच्या लाल फडक्याच्या खुंट्या. अरे भाऊ, शेळी खुंटी उपटेल, मान्य — पण उपटून शंभर पावलं मागं नेईल, बाभळीपाशी, आणि चौकोन धरून परत ठोकेल? तेही तीनदा? वरून पांढरी रेघ मारेल? तशी शेळी असती तर तुझ्या ऑफिसात खुर्चीवर नसती बसली? हस, हस. मीच ती शेळी. मंजुळाबाई, सत्तरीतली, दुसरी नापास. तुझी फक्की मला सापडली नाही, म्हणून चुलीतली राख टाकली — तुला ओळखूही आली नाही!

रागावू नको, बस जरा. त्या दगडावर नको, ओला शे तो. काल अभिमनला राखणीला बसवलं होतंस ना? त्याला म्हटलं, बाबा, तुझी म्हैस सुटली, गिरणेकडं चालली. आता ती म्हैस पुरात जाऊन महिना झाला — तरी पळाला रे तो! काठी घेऊन पळाला. मी हसले आधी, मग मलाच कसंनुसं झालं. ते जाऊ दे.

तुझा नकाशा वाईट नाही हां. गावात पक्की घरं होईस्तोवर चाळीस घरांना पत्र्याच्या खोल्या — शाळेत एकेका वर्गात तीन-तीन घरं दाटलोत आम्ही, आम्हाला तुझा पत्रा म्हणजे महालच. पण संडास कुठं काढलेस तू? रस्त्याला लागून, त्या निंबाखाली. का? तर उपसायच्या गाडीला सोपं! गाडीला सोपं, बरं का. आणि निंबाखाली दिवसभर कोण बसतं? बठ्ठे आबा, सगळे नाना, कोणाचा सासरा, कोणाचा जेठ, म्हणजे थोरला दीर. आमच्यात सून सासऱ्यासमोर खाटेवर बसत नाही, आणि तू तिला डबडं घेऊन त्याच्या नाकासमोरून पाठवतोस? जाईल का ती? नाही जाणार. मग काय करते? — पाणीच पीत नाही. इतकं सोपं शे ते.

विचारलं होतंस, हो, विचारलं होतंस. खोटं कशाला बोलू? बैठक घेतलीस, कागद पसरलास, म्हणालास बायांनी पण बोला. पुढं सगळे फेटे-टोप्या बसलेले, मागं बाया पदर दातात धरून — काय बोलतील, संडास हलवा म्हणून? बोलू शकत होते ते मीच. मला कोणाची लाज? अर्ध्या गावाची नाळ कापलीय या हातांनी. पण मी काय बोलले? "बठ्ठं चांगलं शे भाऊ." आणि अंगठा दिला, सगळ्या बायांच्या वतीनं. सरपंच म्हणाले, अक्का शहाणी शे. मला बरं वाटलं ना!

आणि मग मंगळवारी माझी सून पडली. दीपमाला — सातवा लागलाय तिला. नवरा, म्हणजे माझा प्रेमराज, तिकडं यावलला केळीच्या गाडीवर. शाळेतला संडास तरी कुठं आडोशाला शे? व्हरांड्यातून जावं लागतं, आणि व्हरांड्यात बापेमाणसं. वर्गाच्या दारातच कोसळली पोर. डॉक्टरीण म्हणाली, पाणी पीत नाही का ही? मी म्हटलं, पिते की, तांब्याच्या तांब्या पिते. खोटं. अगदी तोंडावर खोटं बोलले मी. कारण — हे तुझ्या वहीत लिहू नको — कारण मीच सांगितलं होतं तिला. "आबा बठेल शेतस, समोरच बसलेत, तोंड झाक, दिवस मावळू दे." दिवस मावळायला किती वेळ लागतो, ते तिनं सोसलं. मी नाही. डॉक्टरणीनं पोटावर नळी लावली, इथं लावली, तिथं लावली. मी तिच्या तोंडाकडं बघतेय, ती भिंतीकडं. मग म्हणाली, आहेत ठोके. तेवढ्यात माझी सत्तर वर्षं गेली वाहून, गिरणेला काय जमलं असतं तसं...

म्हणून शेळी झाले, काय. तोंडानं बोलायची वेळ तर घालवलीच होती.

आज पत्रा येणार ना? तुझी माणसं खुंट्या असतील तिथंच खड्डे मारणार ना? बोल की! टेप कशाला काढतोस — गाडी बाभळीपर्यंत पोचत नाही? पोचेल. मुरूम टाकू, आम्ही बाया टाकू पाटीपाटीनं, तू नुसता रस्ता आख. सरपंचांना मी सांगते, निंबाखाली सगळ्यांसमोर उभी राहून सांगते, अंगठा दिला तो चुकीचा होता म्हणून. मोज, मोज, घे मोजून... पाठीमागं जागा ठेव जरा, पोटुशी बाई शे, वळता आलं पाहिजे... अं? काय लिहिलंस? बघू — मला कुठं वाचता येतं! हीच जागा लिहिलीस? खरं?

थांब. मागं वळू नको. सांगते ना, वळू नको! दीपमाला येतेय, बाभळीकडंच, डबडं पदराखाली धरून. तुला पाहिलं तिनं. उभी राहिली बघ. माघारी फिरेल आता —

जा. कागद नंतर आवर, जा तू आधी.