स्वयंपाकघर वगळून

— अगं पण हा नियम मागितला कोणी? मीच ना! मार्चच्या सभेत उभं राहून कोण बोललं? तू मंडळाची चिटणीस, तूच लिहून घेतलंस की क्षिप्रा. निवडून आलेले दर वर्षी मतं मागत फिरतात आणि नेमलेले मात्र चिकटले ते चिकटलेच — हे मी बोलले, चौथी शिकलेली बाई, आणि तुमच्या सगळ्या बँकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी बोलले होते? मनोहररावांसाठी! हॉल त्यांच्याकडे, किल्ल्या त्यांच्याकडे, गणपती जाऊन महिने झाले तरी माणूस कमरेला किल्ल्या लावून हिंडतो. जुरोंग ईस्टच्या एमआरटी स्टेशनात आधी खुळखुळ ऐकू येते, मग मनोहरराव दिसतात. म्हटलं, दोन वर्षं करा आणि उतरा खाली. चुकलं का? काही चुकलं नाही. आणि आता तू मला सांगायला आलीस, की नेमलेल्यांत मीही येते?

मी कुठली गं नेमलेली! तू बस, उठू नकोस, मला बसवत नाही म्हणून तू कशाला उभी? स्वयंपाकघर म्हणजे काय पद झालं? पद म्हणजे खुर्ची. त्या हॉलात मला कधी खुर्चीवर बघितलंयस? बरं, नेमलं होतं, कबूल — विनीताचे यजमान अध्यक्ष होते तेव्हा म्हणाले, शैलाताई, नैवेद्याचं तुम्ही बघा. बघतेय. अजून बघतेय. उद्या मी नसले तर मोदक कोण करणार? — कोण? विनीता? विनीताची उकड! मागच्या वर्षी हात लावायला आलीच होती, कोथिंबीर निवडायला बसवली तिला. हसतेस काय?

इकडे ये, हे बघ. हे बॉम्ब शेल्टर. बाकीचे घरातल्या या जाड भिंतींच्या खोलीत सुटकेसा कोंबतात, माझ्याकडे मंडळाचं मोदकपात्र आहे, पराती आहेत, पातेली आहेत. इरा कुरकुरते — माझी सून — म्हणते, आई, मंडळाची भांडी मंडळानं ठेवावीत. तिचं घर, तिचंही बरोबर. स्वयंपाकाला हेल्पर आहे, आज रविवार, ती सुट्टीवर, म्हणून गॅस माझा. लाडू केले तर नातू इथल्या पोरांसारखा म्हणतो, ‘आजी, टू स्वीट लाह.’ आणि वरुण — मुलगा गुणाचा आहे हो, शब्दानं दुखवत नाही — पण माझा पास संपत आला की कंप्युटर उघडतो, आई, मुदत वाढवायचीय, फोटो दे. या देशात राहायला मुदत, आता मोदकपात्रापुढं उभं राहायलाही मुदत? — हे बाहेर बोलू नकोस. तोंडातून गेलं माझ्या.

चतुर्थीला काय होतं, बघितलंयस ना? सगळा हॉल उभा, हातात झांजा, गुरुजी खोळंबलेले, तांजोंग पगारच्या ऑफिसांतले साहेब लोक रेशमी कुडत्यात घामाघूम — आणि अध्यक्ष स्वतः स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतात, ‘शैलाताई, आणायचा का नैवेद्य?’ मी म्हणते, थांबा. आणि सगळे थांबतात! एरवी कोण थांबतं गं माझ्यासाठी? लिफ्टसुद्धा थांबत नाही.

म्हणून म्हणते, दोन शब्द घाल त्या नियमात. ‘स्वयंपाकघर वगळून.’ — घालता येतात? मग मघाशीच का नाही सांगितलंस! घाल, आत्ता घाल, माझ्यासमोर. असू दे इंग्रजीत, वाचून दाखव. हां. आता कसं बरं वाटलं. चहा टाकते तुला, आलं घालून. मनोहररावांचं काय — ते जातील, त्यांनी जायलाच हवं. बायको गेल्यापासून घरात एकटेच असतात, किल्ल्या नसल्या तर दिवसभर करतील काय — ते त्यांचं त्यांनी बघावं! शनिवारी सभेला पहिल्या रांगेत येऊन बसतील. तू वाचशील, ‘वगळून’. ते काही बोलायचे नाहीत, तो माणूस बोलतच नाही, नुसतं माझ्याकडे बघतील. बोलतील बायका. म्हणतील, शैलानं आधी आपलंच पान वाढून घेतलं.

आपलंच पान — अगं बाई, दूध! जाऊ दे, गेलं उतू. मी माझ्या बायकांना काय बजावते दर वर्षी? शेवटची पंगत उठेपर्यंत वाढणारीनं आपल्या घासाकडे बघायचं नाही. विनीतानं एकदा पुऱ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, सगळ्यांदेखत ताटली हिसकून घेतली मी तिच्या हातातून. अध्यक्षांची बायको असली म्हणून काय झालं!

पूस ते दोन शब्द. पूस म्हणते ना! तुझं तोंड कशाला पडलं, पद माझं जातंय. पूस, आणि दाखव. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण ओळ आखूड झाली ते दिसतं. हं. आणि माझ्यापुढं शाल-नारळ घेऊन आलात तर याद राखा, नारळ तिथंच फोडून सारणात घालीन. विनीताला सांग, उकडीला तांदूळ — नको, काही सांगू नकोस. शिकेल चटके खाऊन.

मोदकपात्र? ते राहू दे अजून. चतुर्थी लांब आहे. लांब आहे म्हणते ना! उचलू नकोस ते, ठेव खाली. उठ, जा आता, चहा काही मिळायचा नाही — जा, लिफ्ट आलीय बघ, थांबायची नाही ती.