अंगठाभर जास्त

माझी बायको ओदील गेल्याचं फ्रान्समधल्या आमच्या रूआँ शहरात सगळ्यांना कळलं, त्या सकाळी मी तिच्या कफनासाठी कापडवाल्याकडे रांगेत होतो. पुढची म्हातारी नातीच्या लग्नाच्या झग्याचं कापड घेत होती.

“सेर्वे, माझा अंगठा कुठाय? गजामागे अंगठाभर जास्त देतोस ना?”

“राजा गेला, गजही गेला, मावशी. आता मीटर. त्याचे दहा भाग, प्रत्येक भागाचे पुन्हा दहा.”

“आणि अंगठा?”

“सरकारनं ठेवला नाही.”

“सरकारला नात नसेल! घेर कमी पडला तर पोरगी नाचेल कशी?”

“बरं, दहातला हा एक भाग तुम्हाला फुकट.”

“अगं बाई! हा तर अंगठ्याहून केवढा मोठा! असू दे रे तुझे दहा.”

रांग हसली, मीही हसलो. ओदीलचं कफन अजून घ्यायचं राहिलं होतं.