मेंढीचा गुडघा

म्हसवडहून वडूजला निघालेल्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर मेंढरं राखणाऱ्या दोघी बायका बोलत होत्या.

"हरणाआक्का, फोनमधल्या त्या एआयला काय इचारलंस?"

"म्हनलं, आमच्या मेंढीचा गुडघा लय ठणकतोय. बसली की तिला उठवत न्हाई."

"मग?"

"लय मायेनं बोललं. मेंढीचं वय इचारलं."

"किती सांगितलंस?"

"बासष्ट."

"मेंढीचं?"

"तोंडातनं निघून गेलं गं."

"हसलं आसंल."

"न्हाई. म्हनलं, मेंढीनं लय दिस सोसलंय. तिला सांगा, जवळच्या मानसाजवळ बोल आन दवाखान्यात जा."

"मग बोललीस कुनाजवळ?"

"आता तुझ्याजवळच बोलतीया, मंगल. उतरल्यावर दवाखान्यात संगं ये. मेंढीला एकटीला जायला लाज वाटती."