उंडीचं तेल आणि पोस्टमास्तरांची दाढी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही भाता सोडा, थोडा वारा तिलाही खाऊ द्या! एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका — लगेच दिलेलं उत्तर बहुतेक शेजाऱ्याचं असतं!

प्रश्न असा. ज्या माणसाबरोबर जन्म काढायचा, त्याच्यापुढे तोंड कोणतं न्यावं? धुतलेलं — की रंगवलेलं?

"धुतलेलं" म्हणालात ना? सगळे एका सुरात! मग ते मागचे काका टोपी खाली का ओढतायत? काका, असू द्या, कलप मला इथून दिसत नाही!

तर ऐका. आमच्या समुद्राकाठी खारवंडी नावाचं गाव. किनाऱ्याला उंडीची झाडं. उंडी माहीत आहे ना? गर्द पान, पांढरं फूल आणि लिंबाएवढं गोल फळ. त्या फळातल्या गोट्याचं तेल काढतात. हिरवंगार, दाट, आणि वास असा की पाहुणा आला तर एका तासात निघालाच! पण गुण? खाऱ्या पाण्यानं कातडी फुटली — उंडीचं तेल. टाचांना भेगा — उंडीचं तेल. चुलीवर हात पोळला — उंडीचं तेल!

हे तेल गाळायची द्रौपदाकाकी. वय सत्तर. तोंडावर सुरकुत्यांचं जाळं, पण हात? तान्ह्या मुलाच्या गालासारखे मऊ! जन्मभर त्या तेलात बुडालेले हात ते.

आणि त्याच गावात पोस्टमास्तर, दिगंबर सारंग. सज्जन माणूस. बाप लवकर गेला, तीन बहिणी उजवल्या, आईचं दुखणं काढलं. सगळं उरकून मान वर केली, तर स्वतःचं लग्न राहूनच गेलेलं! वय एकोणपन्नास. साऱ्या गावाला पत्रं वाटायची आणि घरी येऊन सकाळची पेज संध्याकाळी गार खायची. मंडळी, गार पेज वाईट नाही हो. पण समोर "गार आहे का?" विचारणारं कुणी नसलं की ती घशाखाली उतरत नाही.

आणि एक स्थळ आलं! वेंगुर्ल्याकडची मुलगी. इंदुमती पारकर, शिवणकाम शिकवणारी. भावानं फोटो पाठवला आणि पत्रात लिहिलं, वय चौतीस. मास्तरांनी उत्तर लिहायला घेतलं. वय... टाक थांबला. एकोणपन्नास लिहिलं तर ही शेवटची गाडीही सुटणार! आणि त्या सज्जन माणसानं लिहिलं — एकोणचाळीस!

दहा वर्षं! एका फटकाऱ्यात! सरकारसुद्धा नोकराला एवढी सूट देत नाही!

रविवारी मुलीकडचे येणार असं ठरलं. मास्तर आरशापुढे उभे राहिले. कपाळावर आठ्या, डोळ्यांशी कोंबडीच्या पायांसारख्या सुरकुत्या. धावत गेले द्रौपदाकाकीकडे.

"काकी, तेल द्या! तोंडाला लावायचंय!"

"अरे झिला, तेल खंय असा? सोपला सगळा. नवे गोटे हे बघ परड्यात सुकतत. म्हयनोभर थांब."

"महिना? माझ्याकडे आठ दिवस आहेत! हे ताजे गोटे फोडा ना. आत गर कसा पांढरा, टवटवीत आहे!"

काकी हसली. "त्या पांढऱ्या गरात नुसता पाणी. तो वाळाक व्हयो, तपकिरी जावक व्हयो, तेच्यार सुरकुती पडाक व्हयी. मगे तेल सुटता."

मंडळी, पाहिलंत? गोरागोमटा गर — थेंब नाही! काळवंडला, आक्रसला, मग पाझरला. ही गोष्ट मास्तरांच्या एका कानात शिरली आणि दुसऱ्या कानानं बाहेर पडली, कारण मधे सगळी जागा लग्नानं अडवलेली!

सात दिवस गेले. शनिवार उजाडला. अर्ध्या दिवसाची कचेरी बंद करून मास्तर घरी निघाले. वाटेत होड्यांची खोप. आत डोकावतात, तर डबा! हिरवं, दाट, तोच वास! उंडीचं तेल!

अहो, तेल होतं खरं. पण होडीचं! होडीच्या फळ्यांतून पाणी शिरू नये म्हणून त्या तेलात राळ शिजवतात आणि बुडाला चोपडतात. वाळलं की असं धरतं की समुद्र हात टेकतो. हे कोळ्याच्या पोराला ठाऊक. पण मास्तर टपालातले! त्यांना एकच चिकटवणं ठाऊक — तिकीट!

वाटीभर घेतलं. डब्याच्या मालकाला सांगायचं राहिलंच. घरी येऊन कपाळ, गाल, हनुवटी, मानेपर्यंत जाड थर दिला आणि म्हणाले, "तासभर मुरू दे." आणि उशीवर गाल टेकून आडवे झाले. उशी कसली? सावरीच्या कापसाची!

हसताय? थांबा, अजून ते झोपलेलेच आहेत!

तासानं जाग आली. उठले — उशीसुद्धा उठली! डावीकडे वळले — उशी डावीकडे! उजवीकडे — उशी उजवीकडे! लग्न लागलं हो, पण उशीशी! दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. टर्रर्र! अभ्रा फाटला आणि सगळा कापूस तोंडावर! पांढऱ्या भुवया, पांढऱ्या मिशा आणि छातीपर्यंत पांढरीशुभ्र दाढी! दहा वर्षं कमी करायला गेलेला माणूस पंचवीस वाढवून बसला!

आणि तेवढ्यात दारावर टकटक.

"पोस्टमास्तर आहेत का घरात?"

बाईचा आवाज. मास्तरांनी फटीतून बघितलं. फोटोतली साडी, फोटोतले डोळे. इंदुमती! एक दिवस आधी! एकटी!

दार उघडावं तर हे असं. न उघडावं तर ती परत जाणार. दार उघडलं. ती वाकून पाया पडली.

"आपण मास्तरांचे वडील ना?"

बोला मंडळी, तुम्ही काय सांगितलं असतंत? मास्तर म्हणाले — "हो."

स्वतःचेच वडील झाले!

"मुलगा... बाजारात गेलाय," मास्तर म्हणाले. ती ओटीवर टेकली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बरंच झालं," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर जमलं नसतं. बाबा, भावाला मी शिवणाचं सामान आणायला जाते म्हणून सांगून आले. त्यानं पत्रात माझं वय चौतीस लिहिलंय. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. उद्या सगळ्यांपुढे तो पुन्हा तेच सांगेल आणि मी मान खाली घालून बसेन. मग जन्मभर तशीच बसेन. ते मला नको. तुमचा मुलगा तरुण आहे. त्यांना सांगा, माझ्याकडून नाही."

आणि मंडळी, ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती हसली — घरातलं एकुलतं एक भांडं फुटल्यावर माणूस हसतो तशी.

मास्तर ताडकन उभे राहिले. "मी वडील नाही! मीच दिगंबर! आणि मी एकोणपन्नास वर्षांचा आहे!"

खरं बोलले! अखेर खरं बोलले! आता काय व्हायला हवं? आकाशातून फुलं!

ती म्हणाली, "हो हो, आजोबा. बसा. पाणी आणू का?"

"अहो खरंच! ही दाढी खोटी आहे!" असं म्हणून त्यांनी दाढी ओढली. निघेना! राळ ती, होडी सोडत नाही तर गाल सोडेल? ते ओढतायत, ओरडतायत, आणि ती हळूच पाठीवर हात फिरवतेय — "वय झालं की असं होतं हो."

पेटीवाले, द्या सूर!

लेप चढविला मुखावरी ।
ओळख राहिली अंतरी ।
खरे सांगता आपुल्या दारी ।
कोणी न मानी ॥

तिनं पिशवी उचलली. चारची एसटी गाठायची होती. निघाली! मास्तर मागे! पुढे ती झपझप, मागे हा पांढरा दाढीवाला, "ऐका हो! ऐका!" करत! गावातली कुत्री मागे, कोंबड्या पुढे! एका म्हातारबुवांनी तर हात जोडले — "हिमालयातून कुणी आलं वाटतं!"

आडवाटेनं गाठावं म्हणून मास्तर द्रौपदाकाकीच्या घरामागच्या परड्यात घुसले. तिथं काय पसरलेलं? उंडीचे गोटे! गोल गोल! पाय पडला आणि मास्तर आडवे! घरंगळत थेट काकीच्या दारात!

धडपडण्याचा आवाज ऐकून इंदुमती मागे फिरली. म्हातारा पडला म्हणून आली हो ती! गाडीचा भोंगा वाजत होता, तरी आली.

काकी बाहेर आली. बोटानं दाढी चाचपली, वास घेतला. "मास्तरानु, होडी झालात काय?" असं म्हणून इतकी हसली, इतकी हसली, की खांब धरावा लागला. मग आत गेली आणि एक छोटी बाटली घेऊन आली.

"काकी, तेल संपलं म्हणालात ना?"

"बाजारात इकूचा सोपला. ह्या माझा. मी मेल्यावर शेवटच्या न्हाणाक अंगाक लावूक ठेवलेला." बूच काढत, इंदुमतीकडे बघून म्हणाली, "देव थांबतलो. चेडू थांबाचा नाय!"

आणि चोळायला लागली. मऊ हात, कडू तेल. राळ सैल व्हायला लागली. भुवई निघाली. मिशी निघाली. दाढी हातात आली. खाली काय? लालबुंद, सोललेलं, आठ्यांचं, एकोणपन्नास वर्षांचं तोंड! डोळ्यांत पाणी — तेलाचं की कशाचं, ते तुम्ही ठरवा.

इंदुमती कुंपणाशी उभी.

"एकोणपन्नास?"

"आणि चार महिने."

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. थांबली. "आणि सात."

एसटी गेली. धुरळा उडाला. कुणी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मग ती म्हणाली, "भावाला कळवायला हवं. पण पोस्ट तर बंद असेल आता."

मास्तर उठले. तेलानं निथळणारे, कापूस झटकणारे. "उघडतो की!" तार केली स्वतःच्या हातानं: "दोघांची वये खरी सांगितली. उद्या या. लग्न ठरले."

मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. हसलात, पोट धरून हसलात. पण मास्तर खोटं बोलले कशासाठी? दागिन्यासाठी नाही. आपल्याला कुणी नको म्हणेल या भीतीनं! ती भीती तुमच्याही घरात आहे. मुलगा नापास झाल्याचं बापाला सांगत नाही. बाप नोकरी गेल्याचं बायकोला सांगत नाही, रोज डबा घेऊन बागेत बसतो. बायको छातीतली कळ लपवते आणि पोळ्या लाटते. एकमेकांवर एवढं प्रेम, आणि ज्याच्यावर प्रेम तो माणूस आपण कुणी पाहिलेलाच नाही! मग कुणी "मला तू आवडतोस" म्हटलं, तरी आत कुठेतरी वाटतं — मी नव्हे, तो लेप आवडतो.

आणि मी तरी कोण सांगणारा? आज सकाळी तुमच्या स्टँडवर उतरलो. मला न्यायला आलेले दोघे हातात माझा फोटो धरून माझ्या समोरून दोनदा गेले! ओळखलंच नाही! बाहेर कमानीवर तोच फोटो आहे आणि खाली लिहिलंय, 'युवा कीर्तनकार'. कमिटीचा दोष नाही. फोटो मी पाठवला, मजकूरही मीच लिहिला. मंडळी, मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे.

आरतीचं ताट तयार आहे, कापूरही ठेवलाय. पण त्या फोटोखालून देवापुढे जायला आज पाय उचलत नाही. तेवढी शिडी आणा कुणी. आधी तो फलक उतरवू, मग आरती.