लांब मानेची बाई

सन २०२३, जानेवारी महिना, ऐन थंडीचे दिवस. माझी सून मुक्ता हिने माझे चित्र काढले आणि ते दिवाणखान्यात लावावे, अशी तिची फार इच्छा होती. मान वीतभर लांब, डोळ्यांत बुबुळे नाहीत, चेहरा हिरवट.

मी म्हटले, "मुक्ता, मी इतकी रडकी कधी दिसले?"

"आई, ती रडत नाही. वाट बघते आहे."

"बरे. हळदीकुंकवाच्या दिवशी लाव. एका तरी बाईने मला ओळखले, तर चित्र भिंतीवर राहील. नाहीतर माळ्यावर."

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीतल्या अकरा जणी येऊन गेल्या. एकीने तर "यांना आजार कोणता होता हो?" असे विचारले. मुक्ताचा चेहरा उतरला.

शेजारच्या कुसुमताई नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी आल्या. मी दारातून मान उंचावून पाहतच होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग भिंतीकडे.

"अहो, मला उशीर होतो हे ठाऊक आहे ना? मग दोन-दोन ठिकाणी कशाला ताटकळत उभ्या राहता?"

मी तिळगुळाची वाटी पुढे केली. चित्र भिंतीवर कायम झाले, तो दिवस रथसप्तमीचा.