पाणमांजराची पिल्लं

मुलांनो, बंदरावर बोटीच्या रांगेत आपण उभे आहोत असं समजा. आपल्यापुढे एक मुलगी तिच्या बाबांशी बोलते आहे. ऐका.

“टिटवीचं घरटं मी फक्त तुला दाखवलं होतं.”

“अगं, फोटोखाली जागा लिहिली, एवढंच!”

“मग किती माणसं आली! टिटवी अंडी सोडून गेली.”

“दुसरी घालेल गं. फोटोचं कौतुक बघितलंस ना?”

“अंडी गार पडली होती, बाबा.”

“बरं बाई, चुकलो. आता कट्टी सोड आणि पाणमांजराची पिल्लं कुठे दिसली ते सांग.”

“जागा लिहिणार नाहीस?”

“तुझी शप्पथ!”

“टिटवीच्या वेळीपण हेच म्हणालास.”

बाबा हसत कॅमेऱ्याचं झाकण काढू लागले. मुलीने धक्क्याखालच्या दगडांकडे हळूच पाहिलं आणि बाबांना बोट दाखवलं ते पार पलीकडच्या दीपस्तंभाकडे.